तांदळात लिहिलेलं नाव

हा आजार मला अजून झालेला नाही, पण गेली सोळा वर्षं मी तो जगते आहे. माझं वय पंचेचाळीस. बदलापूरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. रोज सकाळी हजेरीपट न उघडता बावन्न मुलांची नावं ओळीने घेते. मुलांना वाटतं, बाई फार हुशार आहेत. बाई हुशार नाहीत, बाई घाबरलेल्या आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मला जिन्याखाली गाठलं. "तुमच्या वडिलांना तेच होतं ना हो? माझे सासरे हल्ली..." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत मी काय सांगणार? तिला जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे. औषधांची नावं देणार नाही, कारण आम्हाला एकही लागू पडलं नाही. आम्ही काय चुकलो तेवढं सांगते.

पास आणि रिजेक्ट

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर मायक्रोमीटरने लोखंडाचे सुटे भाग मोजायचे आणि दोन ट्रेमध्ये टाकायचे, एक पास आणि एक रिजेक्ट. घरीही हाच कारभार. आईची पोळी, माझं अक्षर, शरदचा भांग, सगळ्याचं इन्स्पेक्शन व्हायचं. शरद माझा भाऊ, चार वर्षांनी धाकटा. अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. माझं लग्न होऊन मी बदलापूरला आले होते, म्हणजे माहेर हाकेच्या अंतरावर.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर अण्णांचे साहेब घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग आईला म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. यांनी महिन्याभरात तीनदा चांगला माल रिजेक्टमध्ये टाकला आणि खराब पासमध्ये. यांच्या हातून असं? मला तर पटतच नव्हतं." अण्णा शेजारीच बसले होते. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असे मान डोलावत हसत होते. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते.

मुंबईच्या हॉस्पिटलात चार हेलपाटे झाले. चौथ्या खेपेला मीही गेले. डॉक्टरांनी अण्णांना कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी गोल असा काढला की कंपास लावला तरी चुकू नये. मग आकडे लिहायला लागले. सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने आले, डावी बाजू कोरीच राहिली. अण्णांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं, तो डॉक्टरांपुढे सरकवला आणि म्हणाले, "रिजेक्ट."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आईला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. यावर इलाज नाही, हळूहळू वाढत जाईल, वय मात्र फारच कमी आहे असं म्हणाले, आणि मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असं?"

"यांच्या थोरल्या भावाला," आई म्हणाली. भाऊकाका पुण्याला असायचे. चोपन्नाव्या वर्षीच त्यांना घरातली माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

"मग घराण्यात चालत आलेलं असावं," डॉक्टर लिहितालिहिता म्हणाले. एवढंच बोलले. आम्ही आणखी विचारलं नाही, आणि बाहेर पेशंटची रांग लागलेली.

घरी आल्यावर दारात चपला काढताना आई म्हणाली, "दोघे भाऊ. म्हणजे पुरुषांना लागतंय हे." आणि तिने शरदकडे पाहिलं. तो पंचवीस वर्षांचा होता, नुकताच नगरपालिकेत पाणी खात्यात कायम झाला होता. मग ती माझ्याकडे वळली. "तू सुटलीस गं बाई. तुझं गोत्र बदललं."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

माझं बदललेलं नाव

माझं जन्माचं नाव मंगल. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात 'वैशाली' असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि मंगल संपली. त्यात मला काही दुःख वगैरे झालं नव्हतं. सगळ्यांचंच व्हायचं. उलट वैशाली नाव मला जास्त फॅशनेबल वाटलं होतं. रेशनकार्डावर, शाळेच्या मस्टरवर, दुधाच्या कार्डावर मी वैशाली झाले. सासरी मंगल हे नाव कुणाच्या तोंडी कधी आलंच नाही. मंगल म्हणणारी माणसं जगात तीनच, अण्णा, आई आणि रागावला की शरद. एरवी तो ताई म्हणायचा.

अण्णांचं कळल्यावर सासूबाईंनीही मला तीच ग्वाही दिली. "सूनबाई, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुम्ही आता आमच्या घराण्यातल्या." त्या मायेनेच बोलल्या. मी चार बुकं शिकलेली, मुलांना शास्त्र शिकवणारी बाई. तांदळात नाव लिहिलं म्हणून कुणाच्या रक्तात काही बदलत नाही, हे मला कळायला नको होतं? पण कळून घ्यायचंच नव्हतं. मला एक लहान मुलगी होती, आणि सुटल्याची भावना इतकी गोड होती की मी ती चौदा वर्षं जिभेवर घोळवली.

शरदचं मात्र सगळं तिथल्या तिथे थांबलं. त्याच्या ऑफिसात टायपिंगला कुमुद नावाची मुलगी होती. गोरी, उंच, मोठ्याने हसणारी. दोघांचं ठरल्यात जमा होतं. मी तिला पाहिलं होतं, दोनदा बटाटेवडे खाल्ले होते आम्ही तिघांनी. आईने शरदला समोर बसवलं आणि म्हणाली, "माझं जे झालं ते मी भोगीन. पण दुसऱ्याच्या पोरीला जाणूनबुजून यात ढकलू नको. आणि पुढे मुलगा झाला तर?" शरदने वाद घातला नाही. कुमुदला काय सांगितलं कोण जाणे. तिने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग डोंबिवलीला लग्न करून गेली. मी आईची बाजू घेतली होती. "विचार करून निर्णय घे रे," असं काहीतरी पोक्तपणे म्हणाले होते. सुटलेल्या माणसाला उपदेश करायला काय जातं!

वरची कडी

पुढची सात-आठ वर्षं ज्यांनी काढली आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढली नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. तरी थोडं सांगते.

अण्णांना सारखं घरी जायचं असायचं. घरातच बसून. "चला, उशीर झाला, घरी जाऊ," म्हणून दाराशी जायचे. "अण्णा, हेच आपलं घर," म्हटलं की आमच्याकडे असे बघायचे, जणू आम्हीच त्यांना पळवून आणलंय. आधी आम्ही साधी कडी लावायचो, ती ते काढायचे. मग कुलूप आणलं, तर हातोडी शोधायचे. आयुष्य यंत्रांत गेलेलं, बोटं शेवटपर्यंत शहाणी होती. शेवटी शरदने दाराच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक साधी कडी बसवली. अण्णा समोर बघायचे, खाली बघायचे, वर कधीच बघायचे नाहीत. हात उंचावला असता तर सहज निघाली असती. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी ही युक्ती करून पाहावी. आम्हाला तिचा फार उपयोग झाला, आणि तितकाच त्रासही. एवढा हुशार माणूस एका बोटाएवढ्या कडीमागे अडकलेला रोज बघायचा.

अडकलेले तसे सगळेच होते. आईचं देवळात जाणं बंद, भिशी बंद, बहिणींकडे जाणं बंद. लग्नाचं आमंत्रण आलं की ती पत्रिका देवापुढे ठेवायची आणि पुन्हा उचलायची नाही. शरद ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस. मी दर रविवारी आणि शाळेच्या सुट्ट्यांत जायचे म्हणजे त्या दोघांना थोडं बाहेर पडता यावं. शरद बाहेर पडायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि पंधरा मिनिटांत परत यायचा. "अरे, जा की सिनेमाला!" मी ओरडायचे. तो म्हणायचा, "सवय गेली गं ताई."

त्याची आणखी एक सवय मला उशिरा लक्षात आली. आरशासमोर दाढी करताना तो पुटपुटायचा. मला वाटलं, रामरक्षा म्हणतोय. एकदा दाराआडून ऐकलं तर एकोणतीसचा पाढा. तो रोज सकाळी स्वतःचं इन्स्पेक्शन करत होता.

आमच्या घरी भांडणंही झाली. एकदा अण्णांनी आईच्या हाताला चावा घेतला आणि आईने त्यांच्या थोबाडीत मारली. मग दोघंही रडत बसले, अण्णा कशासाठी ते विसरून. कुणी असं केलं असेल तर स्वतःला राक्षस समजू नका.

किशनदादा

एकदा कडी लावायची राहिली. श्रावणातला सोमवार होता. दुपारी आई भांडी घासत होती तेवढ्यात अण्णा जिना उतरून गेले. शरदने ऑफिस सोडलं, मला शाळेत निरोप आला. स्टेशन, शिवमंदिर, कारखान्याचं गेट, सगळीकडे शोधलं. शेवटी शरद रेल्वेच्या कडेकडेने चालत उल्हासनगरात शिरला, मी त्याच्या मागे. पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या कारखान्यांची गल्ली आहे. तिथल्या एका गाळ्यात स्टुलावर अण्णा बसले होते. समोर पितळी रिबिटांचं ताट, तीच, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांना ठोकतात ती. एकेक रिबिट उचलून प्रकाशात धरायचे आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचे.

गाळ्याचे मालक एक सिंधी गृहस्थ होते, किशनदादा. मी रडायच्या बेतात होते, ते मात्र खूश होते.

"अरे बेटी, टेन्शन कशाला घेते? बाबा दोपहर से इधरच आहेत. चाय पिलाया, दालपकवान खिलाया. मेरे कारीगर को ऐसा डांटा ना इन्होंने! बोले, यह माल रिजेक्ट है. बघितला तर सच में आधा माल खराब!"

"दादा, त्यांना बरं नाही. ते विसरतात सगळं," शरद म्हणाला.

"मालूम है, बेटा. मेरी माँ को भी आखिर में ऐसा ही था. सिंध का घर माँगती थी." मग जरा थांबून म्हणाले, "तू रोज ऑफिसला जाताना यांना सोड ना इथे. दोन-तीन तास बसतील. माझं काय जातं?"

दोन वर्षं अण्णा तिथे 'ड्युटी'ला जायचे. हातात डबा, शर्ट इस्त्रीचा. आईला सकाळचे तीन तास मिळायला लागले आणि ती पुन्हा देवळात जाऊ लागली. संध्याकाळी किशनदादा दोन्ही ढीग परत एका ताटात ओतायचे, उद्याचं काम तयार. पुढे चालणं सुटलं तेव्हा त्यांनी पावडरच्या जुन्या डब्यात रिबिटं भरून घरी पाठवली. शेवटच्या वर्षात अण्णांना मुलगा, बायको, भाकरी, काहीच ओळखू येत नव्हतं. डबा समोर ठेवला की मात्र हात चालायचे.

एक्क्याण्णव साली अण्णा गेले. चार वर्षांनी आई गेली. आपण काय चूक केली ते कळण्याआधी गेली, एवढं एक बरं झालं.

गोल आणि चौकोन

सत्त्याण्णव साली भाऊकाकांच्या मुलाला सुरू झालं. आमच्याच बरोबरीचा, सत्तेचाळीस वर्षांचा. त्याला बघणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. मी शरदला सोबत म्हणून गेले. खरंच, सोबत म्हणून. पर्समध्ये विणकाम घेतलं होतं, वाट बघायला.

बाईंनी टेबलावर मोठा कागद पसरला. पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढत होत्या, आजार झालेल्याचा आकार काळा भरायचा. भाऊकाका काळे, अण्णा काळे, चुलतभाऊ काळा. मग त्यांनी पेन्सिल थांबवली.

"यात बायका कुठे आहेत?"

"एक आत्या होती, ती वांगणीला दिलेली," शरद म्हणाला. "आणि ही माझी बहीण, हीसुद्धा सासरी."

"सासरी गेल्या म्हणजे रक्त बदलून गेल्या का?"

बाई रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. बहुतेक हेच वाक्य त्यांना रोज कुणाला तरी ऐकवावं लागत असणार. त्यांनी समजावून सांगितलं. म्हातारपणी विसरणाऱ्या बहुतेक माणसांच्या घरात असं नसतं, म्हणून उगाच कुणी घाबरू नये. पण थोडी घराणी अशी असतात की त्यांत हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून थेट खाली येतो, आणि फार लवकरच्या वयात येतो. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. छापा-काटा. मग त्यांनी शरदच्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि शेजारच्या माझ्या गोलातही.

माझ्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता. तो मी किती घट्ट धरला होता ते उठताना कळलं. शरद माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता. तो एकोणचाळीस वर्षांचा होता, कानांवर केस पिकलेले. घरी जाताना मी म्हटलं, "शरद, आपण तुलाच का धरून बसलो रे?" तो म्हणाला, "मी लग्न करून सासरी गेलो नाही म्हणून." मला हसू आलं आणि त्याच्या पुढच्याच क्षणी भर रस्त्यात रडू आलं.

वांगणीची दुर्गी

बाईंना आत्याची माहिती हवी होती. अण्णांची ही मोठी बहीण. आम्ही लहान असताना तिला बाहेरची बाधा झाल्याचं घरात बोलायचे. अण्णा एकदा भेटून आले होते आणि आल्यावर आंघोळ करून गप्प बसले होते. एवढंच आठवतं.

एका रविवारी शरद आणि मी वांगणीला गेलो. आत्याच्या घराला कुलूप, मुलं गुजरातेत. शेजारच्या पडवीत एक म्हातारी वाल सोलत बसली होती. आत्याचं सासरचं नाव लक्ष्मी, ते सांगितल्यावर तिने आम्हाला बसवून घेतलं.

"लक्षुमीच्या माहेरची तुमी? लई वरसांनी आलाव."

"आजी, तिला नक्की काय झालं होतं?" मी विचारलं.

"बाधा झाल्ती. दुर्गी यायची तिच्या अंगात."

"कोण दुर्गी?"

"कोनाला ठाव? असंल कुनी हडळ. लक्षुमी म्हनून हाक मारली तं वलून बगायची पन नाय. म्हनायची, मी दुर्गी हाय, माज्या आयशीकडं सोडा मना. एकदा भात ठेवलेला असायचा चुलीवं, तरी पुन्यांदा ठेवायची. नवरा तं आदीच गेल्ता. मंग पोरांनी भगत आनला. मिरच्यांची धुरी दिली, फोकानं मारलं. पन दुर्गी काय जाईना."

मी शरदकडे पाहिलं. तो पुढे सरकून बसला.

"आजी, तिचं माहेरचं नाव दुर्गा होतं."

म्हातारीचे हात थांबले. वालाचा दाणा बोटांतच राहिला. "म्हंजे ती सोताचंच नाव सांगत व्हती?"

"हो."

"आमाला कुनी सांगितलंच नाय गो बाय," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "आमाला कुनी सांगितलंच नाय."

तिचा काय दोष? पस्तीस वर्षं सगळ्यांसाठी ती लक्ष्मीच होती. दुर्गा माहीत असणारी सासरची माणसं मरून गेली होती. आजारात आधी नवी आठवण पुसली जाते आणि जुनी राहते, हे आता मला ठाऊक आहे. तिच्या डोक्यातून सासर पुसलं गेलं आणि तांदळात लिहिलेलं नावही गेलं. उरली फक्त दुर्गा. घर शोधणारी ती बाई स्वतःची खरी ओळख देत होती आणि त्यासाठीच मार खात होती. अण्णांनी त्या अंगात येणारीचं नाव विचारलं असतं तर त्याच दिवशी सगळं उलगडलं असतं. त्यांनी विचारलं नाही, त्यांना कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या कागदावर तिचा गोल मी माझ्या हाताने काळा केला. खाली दोन्ही नावं लिहिली.

रक्त

आम्ही दोघांनी रक्त दिलं. नमुने परदेशी जाणार होते, उत्तर यायला वर्ष लागेल असं सांगितलं होतं. त्याहून जास्तच लागलं. त्या काळात चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही तरी मला वाटायचं, सुरू झालं. दूध उतू गेलं की मी तिथेच उभी राहायचे, ते गॅस मोठा होता म्हणून गेलं की माझ्यामुळे गेलं हे ठरवत. कळून घ्यायचं की नाही यावर बाईंनी तीनदा बोलावून चर्चा केली. नको म्हणणाऱ्यांना त्या कमी लेखत नव्हत्या. मी हो म्हटलं, कारण अश्विनी. माझी मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती. माझ्यात नसेल तर तिच्यात नाही, इतका सरळ हिशोब होता.

उत्तर ऐकायला शरद आधी आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा झाला होता. "तू जाऊन ये आधी," एवढंच म्हणाला.

मी आत गेले. बाईंनी माझा हात धरला, तेव्हाच कळलं. त्या पुढे जे बोलल्या ते त्यांनी कागदावर लिहून दिलं हे बरं झालं. माझ्या कानांत फक्त पंखा घरघरत होता.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो.

"तुझं?" मी विचारलं.

"मला नाही."

"मग तोंड असं का केलंयस? पेढे वाट की मेल्या!"

"ताई, पंधरा वर्षं मी रोज सकाळी उठून बघत होतो, सुरू झालं का ते. आता उद्या सकाळी उठून काय करू?"

कुमुदचं नाव दोघांच्याही मनात होतं, ते कुणीच घेतलं नाही. सोळा वर्षांच्या या सगळ्यात मला माझ्या निकालापेक्षाही तो बाक जास्त आठवतो. मी सुटले म्हणून त्याला अडकवलं होतं, आणि सुटलेला तोच होता.

ओ

घरी सांगायला मी आठ दिवस घेतले. ह्यांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. सकाळी घातलेलं होतं, तरी पुन्हा घातलं. अश्विनी जमिनीकडे बघत सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला आत्ता तपासायचं नाही. पुढे बघीन. पण आई, माझं लग्न जमवताना हे लपवायचं नाही हं. आणि नाव मी बदलणार नाही." मी म्हटलं, "आधी मुलगा तर शोध." हसलो दोघी. त्या दिवसापुरतं तेवढं पुरलं.

गेल्या रविवारी शरद आला. पिशवीतून त्याने पावडरचा जुना डबा काढला. मी आवाजावरूनच ओळखला.

"अजून ठेवलायस?"

"माझ्यासाठी ठेवला होता," तो म्हणाला. "माळ्यावर. मला लागेल असं वाटलं होतं."

मी डबा ताटात ओतला. पितळ काळं पडलं होतं. एक रिबिट उचलून प्रकाशात धरलं, पास. दुसरं उचललं, ते वाकडं होतं, रिजेक्ट. मग सगळी रिबिटं परत भरून डबा शरदला दिला. "अजून नको. पण हाताशी ठेव." तो मान हलवून डबा पुन्हा पिशवीत ठेवू लागला, आणि मला एकदम वांगणीची पडवी आठवली.

ह्यांना आणि अश्विनीला समोर बसवून मी म्हटलं, "नीट ऐका. उद्या मी वैशाली म्हटल्यावर वळून बघितलं नाही, आणि 'मी मंगल आहे, मला अंबरनाथला सोडा' असं म्हणायला लागले, तर घाबरू नका. भगत आणू नका. मंगल दुसरी कुणी नाही. ती मीच."

ह्यांनी चष्मा पुसला आणि ते आत गेले. कपबश्यांचा आवाज आला. बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी अंगठीने तांदळात वैशाली लिहिलं होतं, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि जरा चाचरतच म्हणाले, "मंगल, चहा झालाय."

मी ओ दिली. अजून तरी मी दोन्ही नावांना ओ देते.